नाशकातला वसंत आणि आपला गट

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

दिंडोरी, पेठ, त्र्यंबक भागातल्या गटांच्या आम्ही बायका आज पुन्हा तुमच्याशी बोलायला बसलो आहोत. हातातली कामं चालू राहू द्या. निवडणं, टिपणं, पापड लाटणं करता करता ऐका. फक्त गटाच्या सचिव ताईंनी वही-पेन जवळ ठेवावं, कारण आज तारखा सांगायच्या आहेत.

महिला दिन नुकताच झाला. हार झाले, भाषणं झाली, फोटो निघाले. तो एक दिवस संपला की पुढचे दोन-अडीच महिने आपल्याला कुणी कुठं बोलवत नाही. पण नाशिक शहराचा खरा हंगाम तर आता सुरू होतो. होळीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत आणि पुढं मे महिन्यात शहरात सारखं काही ना काही चाललेलं असतं. कुठं मिरवणूक, कुठं यात्रा, कुठं प्रदर्शन, कुठं व्याख्यान. आपण शहरात जातो कशाला? दवाखान्याला, बँकेला, मार्केट यार्डात माल टाकायला. काम झालं की पळत स्टँडवर. या वसंतात निदान दोनदा वेगळ्या कारणानं जाऊ या, एकदा विकायला आणि एकदा नुसतं बघायला-ऐकायला. आज आम्हाला एवढंच सांगायचं आहे, बाकी सगळं त्याच्या तपशिलाचं.

आधी तारखा घ्या. २०२५ मध्ये १३ मार्चला होळी होती आणि १४ ला धुळवड. धुळवडीला जुन्या नाशकात वीरांची मिरवणूक निघते. घरोघरचे वीर देव नाचवत गोदाघाटावर आणतात. दाजीबा वीर निघतो तेव्हा रस्त्यात बायका औक्षणाला उभ्या असतात. आपल्याकडच्या गावांतही वीर नाचतात, तेव्हा हे आपल्याला नवं नाही.

नाशकात धुळवडीपेक्षा रंगपंचमी मोठी. २०२५ मध्ये ती १९ मार्चला, बुधवारी होती. जुन्या नाशकात त्या दिवशी रहाडी उघडतात. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. रहाड म्हणजे चौकात जमिनीखाली बांधलेला दगडी हौद, पेशवेकाळापासूनचा. वर्षभर त्यावर लाकडी ओंडके टाकून, माती पसरून तो बुजवलेला असतो. वरून माणसं जातात, गाड्या जातात, खाली हौद आहे हे कळतही नाही. रंगपंचमीच्या आधी तो उघडतात, साफ करतात, पूजा करतात आणि फुलांपासून उकळून केलेला रंग त्यात भरतात. तिवंधा चौक, शनी चौक, दिल्ली दरवाजा इथल्या रहाडी प्रसिद्ध आहेत. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो. त्यात अंग झोकून देऊन जी उडी मारतात, तिला 'धप्पा' म्हणतात.

रहाडीजवळ गर्दी दाट असते आणि जास्त करून पोरांची असते. बघायचं असेल तर सकाळी लवकर, रहाड उघडून पूजा होते त्या वेळी जा. जुनी साडी नेसा, दागिने घरी ठेवा, मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. बायकांसाठी कुठं वेगळी वेळ ठेवली आहे का, हे तिथल्या मंडळाला आधी विचारून घ्या. विचारायला लाजू नका. शहरातल्या बायका विचारतात, मग आपण का नाही?

२०२५ मध्ये ३० मार्चला, रविवारी, गुढी पाडवा होता. पाडव्याच्या सकाळी शहराच्या वेगवेगळ्या भागांतून नववर्षाच्या स्वागतयात्रा निघतात, ढोल-लेझीम असतात. त्याच्या आधीच्या दिवसांत गोदाघाटावर ढोलवादन आणि मोठी रांगोळी असे कार्यक्रम होतात. २०२५ मध्ये पाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी, ३१ तारखेला, रमजान ईद होती. म्हणजे त्या आठवड्यात जुन्या नाशकातला बाजार दोन्ही सणांनी भरलेला असणार होता. एकीकडं हार-कडे आणि कडुलिंब, दुसरीकडं शेवया, खजूर आणि सुका मेवा.

इथं जरा थांबू. पाडव्याला शहरातल्या दारावर काय काय लागतं ते मोजा. आंब्याची पानं, कडुलिंबाची डहाळी, झेंडूची माळ, गुढीला वेळूची काठी. यातली एक तरी वस्तू सोसायटीच्या चौथ्या मजल्यावर उगवते का? सगळं आपल्या बांधावरून जातं. आपण व्यापाऱ्याला पोत्याच्या भावानं देतो आणि तो चौकात जुडीच्या भावानं विकतो. दोन भावांमधला फरक म्हणजे शहराच्या सणातला आपला वाटा, आणि तो आपण दरवर्षी व्यापाऱ्याकडं सोडून येतो.

आता रामनवमी. पाडव्यापासून पंचवटीत काळाराम मंदिरात वासंतिक नवरात्र बसतं. २०२५ मध्ये ६ एप्रिलला रामजन्म होता आणि ८ एप्रिलला, कामदा एकादशीला, रथोत्सव. दोन रथ निघतात, पुढं गरुडरथ आणि मागं रामरथ. रामरथासमोर मानकरी बुवा रथाकडं तोंड करून उलट्या पावली चालतात. रामरथ गोदावरी ओलांडत नाही. गरुडरथ नदीपलीकडं जुन्या नाशकात फिरून येतो, तोवर रामरथ थांबतो. दुपारी उन्हात निघतो आणि रात्री उशिरापर्यंत चालतो, म्हणून बघायला जाणाऱ्यांनी पाणी, टोपी-पदर आणि परतीची सोय आधी ठरवावी.

याच रथाच्या रस्त्याची एक गोष्ट आपल्या पोरींना माहीत असली पाहिजे. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. मंदिराची दारं अस्पृश्य म्हणून ठरवलेल्या माणसांना बंद होती, ती उघडावीत म्हणून. त्या दिवशीच्या मिरवणुकीत गावोगावचे हजारो लोक होते आणि त्यांत बायकाही होत्या. दुसऱ्या दिवशी चार दरवाजांसमोर सत्याग्रहींची पहिली तुकडी बसली. तिच्यात १२५ पुरुष होते आणि २५ स्त्रिया.

२५ स्त्रिया, मैत्रिणींनो. नव्वदहून जास्त वर्षांपूर्वी, जेव्हा गावातून बाई एकटी नदीवरही जात नव्हती. त्यांना ना एस.टी., ना मोबाइल, ना गटाची वही. भाकरी बांधून त्या शहरात आल्या आणि दारासमोर बसल्या. ९ एप्रिलला रथाच्या दिवशी रथ ओढण्यावरून दगडफेक झाली, मारहाण झाली. तरी सत्याग्रह पुढं काही वर्षं चालत राहिला. दार लगेच उघडलं नाही. पण आज जो रथ आपण सगळ्या जाती-धर्माच्या बायका रस्त्याच्या कडेला उभ्या राहून बघतो, तो तसा बघता यावा म्हणून कुणीतरी त्याच रस्त्यावर दगड खाल्ले आहेत. आपल्या सासवांच्या सासवा त्यांत असतील. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून बघा, एखादीची आठवण निघेल.

म्हणून रथ बघायला जाणाऱ्यांनी १४ एप्रिललाही जावं असं आम्हाला वाटतं. ११ एप्रिलला महात्मा फुले जयंती आणि १४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती. शालिमारला बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळ सकाळपासून माणसं येतात. पांढऱ्या साड्या नेसून लेकराबाळांसह बायका येतात. पुस्तकं विकायला असतात, दहा-वीस रुपयांपासून. गटाच्या खर्चातून दोन पुस्तकं घेऊन या आणि बैठकीत एक जण वाचेल, बाकीच्या ऐकतील असं करा. वाचता येत नाही म्हणून पुस्तक घ्यायचं नाही, हा हिशोब चुकीचा. ज्या घरात पुस्तक असतं, त्या घरातली पोरगी ते उघडते.

रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत वणीच्या सप्तशृंगी गडावर चैत्रोत्सव असतो. खानदेशातून पायी येणारे जथे आपल्याच रस्त्यांनी जातात. त्या आठवड्यात दिंडोरी-वणी रस्त्यावरच्या गाड्या भरून धावतात. नाशकाला माल घेऊन जायचं असेल तर ते दिवस सोडून दुसरे निवडा, नाहीतर टोपली मांडीवर घेऊन उभ्यानं जावं लागेल.

चैत्रातलं हळदीकुंकू तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत चालतं. २०२५ मध्ये अक्षय्य तृतीया ३० एप्रिलला होती. शहरात घरोघर, सोसायटीत, मंडळात चैत्रगौर मांडतात. कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. आणि मे महिन्यात संध्याकाळी गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते. तिकीट नाही, ओळख लागत नाही, कुणीही जाऊन बसावं. शेती, आरोग्य, इतिहास, कायदा अशा विषयांवर माणसं बोलतात. आपल्याला सप्त्यात रात्र रात्र कीर्तन ऐकायची सवय आहे. तासाभराचं व्याख्यान ऐकणं आपल्याला काय जड आहे?

आता विकायला जायचं त्याचं बोलू, कारण तिथं पैशाचा आणि कष्टाचा प्रश्न आहे.

शहरात या दिवसांत काय खपतं? नागलीचे पापड. आपल्या पेठ-सुरगाण्याच्या नागलीला आता शहरात मान आहे, डॉक्टरच खायला सांगतात. गव्हाच्या कुरडया, तांदळाच्या पापड्या, सांडगे. शहरातल्या फ्लॅटमध्ये वाळवणाला गच्ची नाही, चीक घोटायला माणसं नाहीत. द्राक्षाचा हंगाम उतरतीला असतो, तेव्हा घरी वाळवलेला बेदाणा. आंब्याचा, करवंदाचा माल पुढं. हळदीकुंकवाला कैरीचं पन्हं बाटलीत. पण पन्हं टिकत नाही, ते सांगून मागणी आली तरच करा.

विकायचं कुठं? पहिली जागा आठवडे बाजार. गोदाघाटावर बुधवारचा बाजार भरतो. तिथं बाजार फी भरून पावती घ्यायची, पावती नसली तर कुणीही उठवतं. दुसरी जागा प्रदर्शनं. 'उमेद' अभियानाचा कक्ष जिल्हा परिषदेत असतो आणि 'माविम'चं लोकसंचालित साधन केंद्र तालुक्याला असतं. प्रदर्शनं कधी, स्टॉल कुणाला, अर्ज कधीपर्यंत, हे तिथं विचारा. गावात येणाऱ्या ताईंनाच विचारलं तरी चालेल. तिसरी जागा सोसायट्या. गावातली कुणाची लेक, भाची, नणंद नाशकात राहते तिच्या सोसायटीत हळदीकुंकवाच्या दिवशी एक टेबल मांडायला मागा. याला भाडं नसतं आणि एकदा चव लागली की दरवर्षी फोन येतो.

पैसे घेऊन स्टॉल देणारे खासगी लोकही आहेत. तिथं सांभाळून. एका प्रदर्शनात आम्हाला पार मागच्या कोपऱ्यात, जनरेटरशेजारी जागा मिळाली. भाडं मात्र दारातल्या दुकानाएवढंच. गिऱ्हाईक आमच्यापर्यंत येतच नव्हतं. विचारलं तर म्हणाले, आधी येईल त्याला पुढची जागा. पण गावच्या गटांना कळवलंच सगळ्यांच्या शेवटी होतं. तेव्हापासून आम्ही तीन गोष्टी विचारल्याशिवाय पैसे देत नाही. जागा कुठली, ती कागदावर दाखवा. वीज आणि पाणी आहे का. आणि बायकांसाठी संडास कुठं आहे. तिसऱ्या प्रश्नाला समोरचा गडबडला तर समजा की त्यानं बायांचा विचार केलेला नाही.

आता हिशोब. उदाहरण म्हणून धरा, पाच जणी एका दिवसासाठी गेल्या. स्टॉलचे ५००, पाच जणींचं जाऊन-येऊन भाडं ५००, मालाच्या टेम्पोचे ६००, चहा-नाश्त्याचे ३००. झाले १,९०० रुपये. एक किलो पापड आपल्याला सगळा कच्चा माल धरून १८० ला पडला आणि ३०० ला विकला, तर सुटतात १२०. म्हणजे १६ किलो विकले तेव्हा खर्च निघाला. बऱ्याच गटांत इथंच टाळी वाजवतात. पण थांबा. पाच जणींची त्या दिवसाची मजुरी कुठं गेली? दिवसाचे ३०० धरले तरी १,५०० झाले. एकूण ३,४००. आता २९ किलो विकले तर मजुरी निघाली आणि त्याच्या पुढचा नफा. लाटायला लागलेले दिवस वेगळेच. आपली मजुरी आपण लिहीत नाही, म्हणून आपला माल स्वस्त दिसतो, आणि मग शहरातली बाई घासाघीस करते तेव्हा आपल्यालाच वाटतं की खरंच महाग सांगितलं. वहीत मजुरीचा रकाना पाडा. भाव आपोआप ठाम होईल.

प्रवासाचं सांगतो. १७ मार्च २०२३ पासून राज्याच्या हद्दीत एस.टी.च्या सगळ्या गाड्यांना बायकांना अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तर वर्षांपुढच्या आजीला तर प्रवास फुकट, फक्त वयाचा पुरावा जवळ हवा. शहरात फिरणाऱ्या शहर बसला मात्र ही सवलत नाही, तिथं पूर्ण पैसे लागतात. वडापच्या जीपमध्ये कोंबून जाण्यापेक्षा एस.टी.ची वेळ पकडा. पंचवटीत घाटावर जायचं असेल तर निमाणीला उतरलं की चालत जाता येतं. शेवटची गाडी किती वाजता हे निघतानाच स्टँडवर विचारा आणि सगळ्यांनी एकमेकींचे नंबर लिहून घ्या. अडचण आली तर ११२ ला फोन करा.

मालाला लेबल हवं. गटाचं नाव, गावाचा पत्ता, कशाचा केला, वजन, केल्याची तारीख, कधीपर्यंत खायचा, आणि शाकाहारीची हिरवी खूण. खाण्याच्या पदार्थाला अन्न सुरक्षेची नोंदणी लागते. छोट्या उद्योगाची नोंदणी वर्षाला १०० रुपयांत होते, तिचा नंबर पाकिटावर छापायचा. आणि पैसे घ्यायचा क्यूआर कोड गटाच्या खात्याचा ठेवा, कुणा एकीच्या नवऱ्याच्या खात्याचा नको. यावर जास्त बोलत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

आता अवघड भाग. घरून परवानगी.

विकायला जायचं म्हटलं की घरचे एक वेळ हो म्हणतात, चार पैसे येणार असतात. नुसतं बघायला जायचं म्हटलं की प्रश्न सुरू होतात. कशाला? काय नडलंय? जेवणाचं कोण बघणार? गडी माणूस तमाशाला, कुस्तीला, सभेला जातो तेव्हा त्याला कुणी विचारत नाही की त्यातून काय मिळणार. बाईचा मात्र प्रत्येक तास कमाईला बांधलेला. आमच्या गटातल्या एक आत्याबाई आहेत. साठी उलटली आहे, चाळीस वर्षं नाशकाच्या बाजारात भाजी घेऊन जातात. गंगेवरून हजारदा गेल्या, पण रथ कधी पाहिला नव्हता. का, तर त्या दिवशी भाजीला भाव चांगला मिळतो. गेल्या वर्षी गटानं ठरवून त्यांना नेलं. एका ओट्यावर बसवलं, हातात उसाचा रस दिला. त्या म्हणाल्या, "बाई, या रस्त्यावर मी पहिल्यांदा बसले." चाळीस वर्षं त्या त्या रस्त्यावर उभ्याच होत्या.

परवानगीचा एक उपाय आम्हाला सापडला आहे. एकटीनं घरी विचारायचं नाही. गटाच्या बैठकीत ठराव करायचा, वहीत लिहायचा, सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्यायचे. मग घरी सांगायचं, "गटाचं ठरलंय." कर्जाचा हप्ता गटाचा असतो तेव्हा कारभारी नाही म्हणत नाहीत, मग हाही गटाचाच कार्यक्रम. कुणाच्या घरी म्हातारं माणूस आजारी आहे, कुणाचं लेकरू लहान आहे, तर दोन जणी मागं राहून त्या चार घरांचं बघतील. पुढच्या वेळी त्या जातील आणि ह्या थांबतील. सासूबाईंना सोबत न्या, अर्ध्या तिकिटात त्याही येतात. ज्या घरची सासू एकदा रथ बघून आली, त्या घरची सून दुसऱ्यांदा अडत नाही.

तर येत्या बैठकीला एवढं करा. एक, वहीत दोन तारखा लिहा, एक विकायची आणि एक बघायची. दोन, कोण जाणार आणि कोण मागं थांबणार ते नावानिशी लिहा. तीन, खर्चाचा अंदाज मजुरी धरून मांडा. चार, शाळेत जाणारी एक तरी पोरगी सोबत न्या. विकायच्या दिवशी ती हिशोब लिहील. बघायच्या दिवशी तिला काळारामाचा पूर्व दरवाजा दाखवा आणि त्या २५ बायांची गोष्ट सांगा.

परत आलात की आम्हाला कळवा. काय खपलं, काय पडून राहिलं, कुणी भाव पाडला, कुठं पाणी मिळालं नाही, व्याख्यानात काय कळलं, सगळं. रेडिओ आपला आहे, बोलणाऱ्या बदलत राहिल्या पाहिजेत. जूनमध्ये पेरणीची घाई सुरू व्हायच्या आधी, जाऊन आलेल्या चार गटांना आम्ही इथं याच माइकसमोर बसवणार आहोत.

ऊन वाढतंय, पाणी भरपूर प्या, लेकरांना दुपारी बाहेर सोडू नका. पाडव्याच्या आणि ईदच्या सगळ्या घरांना आधीच शुभेच्छा. येतो आम्ही. राम राम.